क्लच काढला, तेव्हा आणखी काय काढलं?

गिअरची गाडी पंधरा-वीस वर्षं चालवलेला माणूस पहिल्यांदा ऑटोमॅटिक गाडीत बसला की दोन गोष्टी हमखास होतात. आधी डावा पाय क्लच शोधत राहतो. मग एका बेसावध क्षणी त्याच्या खाली ब्रेकचं रुंद पेडल येतं आणि ते तो क्लचच्या जोराने दाबतो. गाडी जागच्या जागी थांबते, मागच्या सीटवरची पिशवी पुढे येऊन पडते. शोरूममधला मुलगा मात्र आधीच सांगून मोकळा झालेला असतो, "काही शिकायचं नाही साहेब यात, क्लच नाही, गिअर नाही, नुसती चालवायची."

आता गंमत बघा. कायद्याचंही मत त्या मुलासारखंच आहे. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिली तर तुम्हाला गिअरची गाडी चालवता येत नाही. उलट गिअरवर परीक्षा दिली तर दोन्ही चालवता येतात. जपानने १९९१ मध्ये फक्त ऑटोमॅटिकपुरता वेगळा परवाना आणला, त्यातही हेच गृहीतक. आपल्याकडे तर हा भेदच नाही, एकच परवाना. म्हणजे गिअरवरून ऑटोमॅटिकवर जाणं हे शिकणं नव्हेच, फक्त एक काम कमी होणं आहे, असं कायदा धरून चालतो. मग लोक घाबरतात कशाला?

ती भीती खुळी आहे असं मला वाटत नाही. तिला बराच जुना आणि नीट अभ्यासलेला इतिहास आहे. संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी तो लिहावासा वाटला, कारण एक प्रश्न वेगळ्या पद्धतीने विचारला की उत्तर कसं बदलतं हे त्यात स्पष्ट दिसतं. मी मूळची भौतिकशास्त्राची. एम.एससी.ला आम्हाला यंत्र शिकवलं, यंत्र चालवणारा माणूस अभ्यासक्रमात नव्हता. त्यामुळे हा विषय वाचताना मला जास्तच मजा आली.

सुरुवात थोडी मागून करू. क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर हा पेडलांचा क्रम आपल्याला निसर्गाने दिल्यासारखा वाटतो. तो तसा नाही. फोर्डची मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात जवळपास दीड कोटी बनली. तिलाही तीनच पेडलं होती, पण डावं पेडल गिअरचं, मधलं रिव्हर्सचं आणि सर्वांत उजवं ब्रेकचं. वेग वाढवायची दांडी हाताने ओढायची, ती स्टिअरिंगखाली. मग १९२७ च्या शेवटी फोर्डनेच मॉडेल ए आणली आणि तिच्यात आजचा क्रम आला. म्हणजे जिथे इतकी वर्षं ब्रेक असायचा, त्या टोकाला ॲक्सिलरेटर. ज्याचा पाय मॉडेल टीवर तयार झाला होता, त्याने घाबरून सवयीने उजव्या टोकाला पाय मारला तर काय होणार, तुम्हीच विचार करा.

बी.एड. केलेल्यांना इथे 'अध्ययन संक्रमण' हा धडा आठवेल. थॉर्नडाइक आणि वुडवर्थ यांनी १९०१ मध्ये मांडलं की एका ठिकाणी शिकलेलं दुसरीकडे कितपत उपयोगी पडेल, हे दोन्हीकडे समान घटक किती आहेत यावर ठरतं. पुढे हेही स्पष्ट झालं की प्रसंग सारखाच दिसतो आणि कृती मात्र वेगळी हवी असते, तेव्हा जुनं शिकलेलं आडवं येतं. हे ऋण संक्रमण. पूर्ण नवखा माणूस यातून वाचतो, कारण त्याच्या पायाला आधीचं काहीच येत नसतं. निष्णात माणूस अडकतो.

ऑटोमॅटिकचा खरा जन्म १९३९ च्या शेवटी झाला. जनरल मोटर्सने १९४० च्या मॉडेलच्या ओल्डस्मोबीलमध्ये 'हायड्रा-मॅटिक' गिअरबॉक्स दिला, जादा किंमत ५७ डॉलर. त्यामागचा इंजिनिअर अर्ल थॉम्प्सन. याच माणसाने दहा-अकरा वर्षं आधी कॅडिलॅकमध्ये सिंक्रोमेश आणून डबल क्लच मारण्यापासून लोकांना सोडवलं होतं. आधी क्लच सोपा केला, मग पेडलच काढलं. इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेलाने भरलेलं फ्लुइड कपलिंग आलं. इंजिनाच्या बाजूचं चाक तेल फिरवतं, ते तेल समोरचं चाक फिरवतं. जोड घट्ट नसल्यामुळे गाडी थांबली तरी इंजिन बंद पडत नाही. पण जोड तुटतही नाही. गिअरमध्ये असलेली गाडी इंजिनाशी सतत बांधलेलीच राहते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

त्या पहिल्या गिअरबॉक्सला पार्किंगचं 'पी' नव्हतं. गाडी लावायची तर इंजिन बंद करून दांडी रिव्हर्समध्ये टाकायची. क्रमही आजचा नव्हता. आधी न्यूट्रल, मग पुढचे गिअर आणि शेवटी 'लो'ला खेटून रिव्हर्स. चिखलात किंवा बर्फात गाडी रुतली की लो आणि रिव्हर्समध्ये झोके देऊन ती बाहेर काढता यायची, म्हणून काहींना हा क्रम सोयीचा वाटे. दुसऱ्या कंपनीचा क्रम वेगळा. एका गाडीतून दुसरीत बसणाऱ्याचा हात चुकायचा आणि गाडी नको त्या दिशेला जायची. राल्फ नेडर यांनी १९६५ च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात यावर टीका केली. १९६८ पासून अमेरिकेत लागू झालेल्या नियमाने पुढचा गिअर आणि रिव्हर्स यांच्यामध्ये न्यूट्रल असणं सक्तीचं केलं. जवळपास तीन दशकं लागली या एका गोष्टीला!

याच काळात दुसरीकडे एक काम झालं. त्याचा गाड्यांशी संबंध नव्हता, पण माझ्या मते या सगळ्या गोष्टीची किल्ली तिथे आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची काही बॉम्बफेकी विमानं सुखरूप उतरल्यावर धावपट्टीवरच पोटावर बसत होती. वैमानिक पंखांवरचे फ्लॅप मिटायच्या ऐवजी चाकंच मिटत होते. अहवालात शेरा ठरलेला, 'वैमानिकाची चूक'. अल्फॉन्स चापानिस हा तरुण मानसशास्त्रज्ञ यात पडला. त्याने वैमानिक बेफिकीर का, असं विचारलं नाही. त्याने विचारलं की ही चूक काही ठरावीक विमानांतच का होते? सी-४७ या मालवाहू विमानाचे वैमानिक ती का करत नाहीत? माणसं तीच, प्रशिक्षण तेच. कॉकपिटमध्ये जाऊन पाहिलं तर चुका होणाऱ्या विमानांत फ्लॅपचं आणि चाकांचं बटण शेजारी-शेजारी आणि हुबेहूब सारखं. सी-४७ मध्ये ती वेगळी होती. उपाय काय, तर चाकांच्या बटणावर छोटं रबरी चाक आणि फ्लॅपच्या बटणावर पाचरीसारखा तुकडा, म्हणजे हाताला न बघता कळावं. १९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी 'वैमानिकाची चूक' म्हणून नोंदल्या जाणाऱ्या ४६० अनुभवांचं वर्गीकरण केलं. त्यात एका नियंत्रकाऐवजी दुसरंच हलवणं हा सर्वांत मोठा गट निघाला.

सिनॉप्सिस लिहिणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. चापानिसकडे नवीन उपकरण नव्हतं, मोठा निधी नव्हता. त्याच्याकडे तुलनेचा गट होता, म्हणजे जिथे चूक होत नाही ती जागा. आपण बहुतेक वेळा जिथे काही घडतं तिथेच खोदत बसतो.

आता ऑडी ५००० चं प्रकरण. २३ नोव्हेंबर १९८६ ला अमेरिकेच्या 'सिक्स्टी मिनिट्स' या कार्यक्रमात ऑडी ५००० गाडीचे मालक एकामागून एक तेच सांगत होते. ब्रेकवर पाय ठेवला, गिअर पार्कमधून काढला आणि गाडी सुसाट सुटली. जितका ब्रेक दाबला तितकी जोरात. ओहायोमधल्या एका आईच्या गाडीखाली तिचा सहा वर्षांचा मुलगा गेला होता, तो गॅरेजचं दार उघडायला उतरला होता. कार्यक्रमात एक प्रात्यक्षिकही दाखवलं. त्यात पेडल आपोआप खाली जाताना दिसत होतं. प्रत्यक्षात ते साधण्यासाठी ट्रान्समिशनला भोक पाडून दाबाखालची हवा सोडलेली होती, आणि प्रेक्षकांना ते सांगितलं नव्हतं. कंपनीचं म्हणणं होतं की चालकांचीच चूक. मूल गमावलेल्या बाईबद्दल हे बोलणं लोकांना कसं वाटलं असेल! ऑडीची अमेरिकेतली विक्री १९८५ मध्ये ७४ हजारांच्या घरात होती, ती १९९१ पर्यंत १२ हजारांवर आली.

सरकारी तांत्रिक अभ्यासाचा अहवाल १९८९ मध्ये आला. ब्रेक पूर्ण दाबला तर पूर्ण ॲक्सिलरेटरवरच्या इंजिनालाही तो रोखू शकतो, आणि अपघातानंतर तपासलेल्या गाड्यांचे ब्रेक ठीक होते. मग एकच शक्यता उरत होती, पाय ब्रेकवर नव्हताच. पण अहवाल तिथे थांबला नाही. ऑडीच्या काही गाड्यांत इंजिनाची स्थिर गती सांभाळणाऱ्या भागात दोष होता, त्याने इंजिन अचानक थोडं उसळायचं आणि चालक दचकायचा. पेडलांची जागा आणि ठेवणही पाय चुकायला मदत करणारी होती.

त्याच वर्षी 'ह्यूमन फॅक्टर्स' या नियतकालिकात रिचर्ड श्मिट यांचा लेख आला. मला वाटतं या विषयावरचं सर्वांत उमदं लिखाण ते आहे. ते म्हणतात की ब्रेक दाबायचा निर्णय बरोबरच असतो, पाय पोचताना थोडा भरकटतो. स्नायूंच्या हालचालीत तेवढी तफावत असतेच. पाय नेमका कुठे टेकलाय याकडे आपलं जाणीवपूर्वक लक्ष नसतं, म्हणून 'मी ब्रेकवरच आहे' ही खात्री कायम राहते. गाडी सुटते, माणूस दचकतो आणि त्याच खात्रीने आणखी जोरात दाबतो. ती आई खोटं बोलत नव्हती. ती यंत्राबद्दल चुकत होती, स्वतःच्या हेतूबद्दल नाही.

आता चापानिसचा प्रश्न इथे लावून बघा. ही चूक कुठे होत नाही? अशा तक्रारी जवळजवळ सगळ्या ऑटोमॅटिक गाड्यांच्या होत्या. गिअरच्या गाड्या चालवणाऱ्यांचे पाय काही जास्त हुशार नव्हते. फरक डाव्या पायाचा होता. गिअरच्या गाडीत निघताना डावा पाय क्लचवर असतोच. उजवा चुकून ॲक्सिलरेटरवर पडला तर इंजिन नुसतं ओरडतं, गाडी हलत नाही. आणि चालताना माणूस घाबरला तर दोन्ही पाय खाली आपटतो, इंजिन चाकांपासून सुटतं. मघाचं वाक्य आठवा, ऑटोमॅटिकमध्ये ती जोड तुटत नाही. क्लच हा गिअर बदलायचा भाग म्हणून सगळ्या पुस्तकांत आहे. घाबरलेल्या माणसाला वाचवणं हे त्याचं दुसरं काम कुणी लिहून ठेवलं नव्हतं, म्हणून तो काढताना त्या कामाचं काय करायचं हेही कुणी विचारलं नाही.

ते काम नंतर दुसऱ्याकडे सोपवलं गेलं. ऑडीने १९८७ मध्ये गाड्या परत बोलावून एक कुलूप बसवलं, ज्यामुळे ब्रेक दाबल्याशिवाय दांडी पार्कमधून हलेना. तक्रारी लक्षणीय घटल्या. चूक कुणाची यावरचा वाद तेव्हा चालूच होता, तरीही.

आपल्याकडे ही गोष्ट उशिरा आणि वेगळ्या वाटेने आली. २०१४ मध्ये मारुती सेलेरिओबरोबर एएमटी स्वस्त गाड्यांत आलं. एएमटीमध्ये गिअरबॉक्स साधाच असतो, क्लचही असतो. फक्त तो दाबायचं आणि गिअर बदलायचं काम एक छोटी यंत्रणा करते. तिथेही 'पी' नाही, उभी करायची तर गिअरमध्ये टाकून हँडब्रेक, १९४० च्या ओल्डस्मोबीलसारखंच. ब्रेक दाबल्याशिवाय गाडी सुरूच होत नाही, हा ऑडीच्या कुलपाचा भाऊबंद.

माझ्या मामांनी निवृत्तीनंतर अशीच गाडी घेतली. पहिला आठवडा त्यांनी डावा पाय सीटखाली ओढून, अक्षरशः मुडपून ठेवला. ती युक्ती बरोबरच आहे. निघताना उजवा पाय आधी ब्रेकवर, मग गिअर, हीसुद्धा. पण खंबाटकी घाट चढताना ट्रकांची रांग थांबली तेव्हा ते जुन्या सवयीने गाडी चढावर इंजिनाच्या जोरावर तोलून धरू लागले. गिअरच्या गाडीत हाफ क्लचवर ते क्षणभरच धरायचे, क्लच किती घासतोय हे तळव्याला कळायचं. एएमटीत ॲक्सिलरेटरवर तोलली तर आतला क्लच तसाच घासतो आणि तापतो, पायाला मात्र काहीच कळत नाही. मामी म्हणाल्या, "अहो, कसला वास येतोय बघा." तेव्हापासून ते चढावर ब्रेक धरून थांबतात.