माइट, मातीतील : वर्गीकरण

कोळी, विंचू, गोचीड यांच्या अष्टपाद वर्गातले, मातीत राहणारे प्राणी. बहुतेक माइट १ मिमी.पेक्षा लहान असल्याने नजरेस पडत नाहीत. ठळक अपवाद मृगाच्या किड्याचा. मृग नक्षत्रात पहिला पाऊस झाला की जमिनीवर येणारा हा लाल मखमली जीव महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांच्या ओळखीचा आहे. झाशी जिल्ह्यातील गरौठ्यासह साऱ्या बुंदेलखंडात त्याला बीरबहूटी म्हणतात. नावात किडा असला, तरी प्रौढाला आठ पाय असतात, म्हणून तो कीटक नव्हे.

बुंदेलखंडात मातीच्या मार, काबर, पडुआ आणि राकर अशा चार जाती मानतात. यांपैकी कोणत्याही मातीतले माइट पाहायचे तर बर्लीझ नरसाळे वापरतात. जाळीवर माती पसरून वर दिवा लावला की उष्णता आणि कोरडेपणा टाळत प्राणी खाली सरकतात आणि नरसाळ्याखालच्या अल्कोहोलात पडतात. इटलीच्या आंतोनिओ बर्लीझ यांनी १९०५ मध्ये दिलेली ही युक्ती थोड्याफार फरकाने आजही चालते.

शरीररचनेवरून माइटांचे दोन मोठे गट पडतात : पॅरासिटिफॉर्मीस आणि ॲकॅरिफॉर्मीस. दुसऱ्या गटातल्यांचे केस ध्रुवित प्रकाशात चमकतात. फ्रान्सच्या फ्रांस्वा ग्रांजाँ यांनी ही खूण पुढे आणली. श्वासरंध्रांची जागाही महत्त्वाची : मेसोस्टिग्मॅटांत ती पायांच्या बुडाशी, कुशींवर असतात, तर प्रोस्टिग्मॅटांत मुखांगांजवळ. ओरिबॅटिडांचे बहुतेक प्रौढ कठीण कवचाचे असतात आणि पानगळीचा कुजका थर खातात.

मृगाचा किडा प्रोस्टिग्मॅटांतल्या ट्रॉम्बिडिइडी कुलातला. भारतातल्या मोठ्या मखमली माइटांना सरसकट ट्रॉम्बिडियम ग्रँडिसिमम म्हणण्याची सवय आहे; ती घाईची वाटते. प्रौढाचे अंग दाट केसांनी झाकलेले असल्याने जाती वेगळ्या करणाऱ्या खुणा फार थोड्या हाती लागतात. डिंभावर त्या स्पष्ट असतात : पाठीवरच्या ढालीचा आकार, पायाच्या प्रत्येक सांध्यावरचे केस. पण डिंभ सहा पायांचा, नाकतोड्यासारख्या कीटकाला चिकटून त्याचा रस शोषणारा; भक्ष्य शोधत मोकळा फिरणाऱ्या प्रौढाशी त्याचे रूप जुळत नाही. त्यामुळे काही जाती केवळ डिंभावरून वर्णिलेल्या आहेत, काही केवळ प्रौढावरून, आणि एकाच प्राण्याला दोन नावे मिळण्याचा धोका कायम राहतो. अंड्यापासून प्रौढापर्यंत वाढवणे हा जुना आणि खात्रीचा उपाय. मात्र मधल्या दोन अवस्था निश्चल असतात आणि वाट पाहण्यात बरेच जीव मरतात.

इथे जनुकीय पुरावा खरा उपयोगी पडतो. तंतुकणिकेतील सीओआय जनुकाचा सुमारे ६५८ अक्षरांचा तुकडा नाकतोड्यावरच्या डिंभातून आणि जमिनीवरच्या प्रौढातून काढून ताडला, तर दोघे एकाच जातीचे आहेत का हे कळू शकते. दूरची नाती शोधायला १८ एस आरएनएसारखी हळू बदलणारी जनुके लागतात. प्लॅटिनोथ्रस पेल्टिफर या ओरिबॅटिड जातीत नर नसताना प्रजनन होते. २००७ मधील एका अभ्यासात दिसायला सारख्या अशा माइटांत कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या वंशशाखा आढळल्या. उलट, सर्व माइट एकाच पूर्वजाचे वंशज आहेत का, यावर जनुकीय अभ्यासांचे अजून एकमत नाही.

डीएनए काढताना प्राणी चिरडू नये. विकराने आतले ऊतक विरघळवले की रिकामे कवच शाबूत राहते. ते काचपट्टीवर बसवून जनुकक्रमाचाच क्रमांक त्याला देतात.