टंचाईच्या घरातला खाऊ

पन्नाशी-साठी ओलांडलेली मराठी माणसं लहानपणच्या खाण्याबद्दल बोलू लागली, की पुरणपोळी आणि श्रीखंड लवकरच मागे पडतात आणि भलत्याच गोष्टी पुढे येतात. तूप कढवल्यावर पातेल्याच्या तळाशी राहिलेली बेरी आणि तिच्यावर भुरभुरलेली साखर, कुरडयांचा कढत चीक, शिळ्या पोळीचा गूळ-तूप घालून वळलेला लाडू, फोडणीची भाकरी, ताकातल्या कण्या, हुलग्याचं माडगं, आणि 1972 चा दुष्काळ पाहिलेल्या घरांत सुकडी व मिलोची लाल भाकरी. आजच्या मुलांना हे पदार्थ विचित्र वाटतात आणि सांगणाऱ्यालाही ते आपल्याच आईची खास करामत वाटतात. या आठवणींकडे केवळ मायेच्या गोष्टी म्हणून पाहणं अपुरं आहे, असं मला वाटतं. दख्खनच्या गेल्या दीडशे वर्षांत धान्य, इंधन आणि मजुरी यांची जी ओढाताण झाली, तिचा घराच्या आतला पुरावा या पदार्थांत आहे. सरकारी दप्तरांत तो सापडत नाही आणि जुन्या पाकपुस्तकांतही फारसा सापडत नाही.

आधी साध्या, रोजच्या पदार्थांकडे पाहू. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, पिळून सत्त्व काढायचं, ते निवळू द्यायचं, वरचं पाणी ओतून टाकायचं आणि खालचा दाट चीक शिजवायचा. एवढ्या मेहनतीनंतर सोऱ्यात जाण्याआधी त्यातला वाटीभर चीक दूध-साखर किंवा तेल घालून मुलांच्या हातात यायचा. गाळून राहिलेला चोथाही टाकला जात नसे, त्याच्या भुसवड्या होत. बेरीचंही तसंच. आठवडाभराची साय साठवून, विरजून, घुसळून काढलेल्या लोण्यातलं तूप सणावाराला, पाहुण्याला आणि देवाला राखलेलं असे, मुलांच्या वाट्याला त्याचा तळ येई. कण्या म्हणजे जाडसर भरडलेली ज्वारी, म्हणजे जात्यावरचे श्रमही वाचलेले. असे पदार्थ एकत्र मांडले की त्यांच्यातलं साम्य दिसतं. प्रत्येक पदार्थ कुठल्या तरी मोठ्या कामाच्या कडेला तयार झालेला आहे, आणि त्यासाठी वेगळं धान्य, वेगळं सरपण किंवा वेगळा वेळ जवळपास लागलेला नाही. ज्या घरात मुलांच्या खाऊसाठी निराळा पैसा काढता येत नाही, त्या घरानं शोधलेली ही व्यवस्था आहे.

अशी व्यवस्था कशामुळे लागली, हे दुष्काळांच्या इतिहासातून कळतं. 1876 ते 1878 च्या दुष्काळात दख्खनचे जिल्हे होरपळले, तेव्हा भारत सरकारनं पाहणीसाठी पाठवलेले अधिकारी रिचर्ड टेंपल यांच्या शिफारशीवरून मदतकामांवरची मजुरी खाली आणली गेली. धडधाकट माणसाला दिवसाला एक पौंड, म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास धान्य आणि वर एक आणा, असा हिशेब ठरला. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं याविरुद्ध सरकारकडे दाद मागितली आणि 1877 च्या सुरुवातीला अनेक ठिकाणी मजुरांनी कामंच सोडली. त्याच वर्षी धनकवडीला जोतीराव फुले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुलांच्या जेवणाची सोय केली. सावित्रीबाईंनी एप्रिलमध्ये जुन्नरकडच्या ओतूरहून पाठवलेल्या पत्रात त्या भागाच्या हलाखीचं वर्णन आहे. या साऱ्या कागदांत धान्याचं वजन सापडतं, मजुरीचा दर सापडतो, वादही सापडतो. मात्र ते पौंडभर धान्य घरी आल्यावर त्याचं काय झालं, ते दळलं की भरडलं, त्यात कुठला पाला मिसळला, किती पाणी घालून ते किती तोंडांना पुरवलं, हे त्यांत नाही. ते ज्ञान सासूकडून सुनेकडे, आईकडून लेकीकडे गेलं. माडगं, आंबील, घाटा, पेज यांसारख्या पातळ पदार्थांचा दख्खन आणि कोकणात केवढा विस्तार आहे, हे पाहिलं की मूठभर पीठ हंडाभर कसं करायचं, हे इथल्या घरांना किती वेळा शिकावं लागलं असेल याची कल्पना येते. हुलगा तर कमी पावसाचंच कडधान्य. बाकी पिकं करपली तरी तो थोडाफार हाती लागतो, म्हणून माणदेश-सोलापूरकडच्या माडग्यात आणि शेंगोळ्यांत तोच आहे.

विसाव्या शतकात टंचाईचं रूप पालटलं. 1942 मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला, तिकडून येणारा तांदूळ थांबला आणि 1943 मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झालं. काय पिकतं, यापेक्षा काय मिळतं, यावर स्वयंपाक ठरू लागला. याचं सर्वांत ठळक उदाहरण 1972 चं. सलग अपुऱ्या पावसानं महाराष्ट्राच्या मोठ्या भागात खरीप आणि रब्बी दोन्ही गेली. मे 1973 च्या सुमारास मदतकामांवर जाणाऱ्यांची संख्या पन्नास लाखांच्या घरात पोहोचली होती. खडी फोडणाऱ्या आणि पाझर तलाव खणणाऱ्या या माणसांना सुकडी दिली जाई, पीठ, गूळ, तेल यांचं कोरडं, गोडसर, पौष्टिक मिश्रण. रेशनवर अमेरिकेतून आयात झालेली लाल ज्वारी आली, तीच मिलो. तिकडे ती मुख्यतः जनावरांना घालतात, हे लोकांच्या कानावर आलं होतं. तिची भाकरी लालसर व्हायची आणि शाळू खाणाऱ्यांच्या घशाखाली उतरायची नाही. त्या पिढीच्या सांगण्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. आई-बाप कामावर मिळालेली सुकडी पदरात, धोतराच्या सोग्यात बांधून मुलांसाठी घरी आणत. सरकारच्या लेखी ती मजुराच्या शक्तीसाठी दिलेली गोष्ट होती, घरी पोचल्यावर ती खाऊ झाली. मजूर स्वतःचा घास मुलाकडे वळवत होता, हे कुठल्याही हजेरीपटावर लिहिलेलं नाही. ते आठवणींमुळेच कळतं, आणि म्हणूनच त्यांना पुरावा म्हणायला हवं.

यावर पहिला आक्षेप असा, की आठवण फसवी असते. लहानपण सरलं की सगळंच गोड वाटतं, मग त्यावर इतिहास कसा उभारायचा? आक्षेपात तथ्य आहे. विदर्भातल्या लाखोळी डाळीचं उदाहरण त्यासाठी पुरेसं आहे. अवर्षणात तग धरणारं हे पीक चंद्रपूर-भंडाऱ्याकडे गरिबाच्या ताटात असे. पण महिनोन् महिने तीच मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर पाय कायमचे लुळे पडू शकतात, या कारणानं 1961 मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. टंचाईचं प्रत्येक अन्न शहाणपणाचं होतं, असं म्हणणं म्हणूनच धोक्याचं आहे. मात्र आठवण चवीबद्दल दगा देते, साहित्याबद्दल फारसा देत नाही. मिलो रुचकर होती की नव्हती, यावर दोन भावंडांचं एकमत होणार नाही. ती लाल होती, रेशनवरून आली आणि दुष्काळात आली, हे दोघंही सांगतील. आवडनिवड बाजूला ठेवून काय, कुठून, केव्हा आणि किती, एवढं वेचलं तर आठवण इतर कागदांच्या जोडीला उभी राहू शकते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. फोडणीची पोळी आणि बेरी तर खात्यापित्या घरांतही होती. मग हा टंचाईचा पुरावा कसा? ही काटकसरीची, अन्न वाया न घालवण्याची रीत झाली. मला वाटतं, भेद इथेच करायला हवा. ज्या घरात पोळी उरते त्या घराची फोडणीची पोळी आणि ज्या घरात भाकरीच मागून आणावी लागते त्या घराचे तुकडे, यांना एका रांगेत बसवता येणार नाही. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे 2015 मधलं पुस्तक यासाठी मोलाचं आहे. मराठवाड्यातल्या दलित घरांचं खाणं त्यांनी नोंदवलं. मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून केलेल्या चान्या, रक्ताचे आणि आतड्यांचे पदार्थ, दूध-तुपाचा अभाव, तेलाचा बेताचा वापर. छापील पाकपुस्तकांनी हे सगळं मराठी स्वयंपाकाच्या बाहेर ठेवलं होतं. चान्या चघळत वाढलेल्या मुलाची आठवण बेरी-साखरेच्या आठवणीइतकीच बालपणीची असते, पण ती चारचौघांत सांगताना त्याला मागेपुढे पाहावं लागतं. लहानपणच्या विचित्र पदार्थांच्या गप्पांत कोणाचं विचित्रपण गोड मानलं जातं आणि कोणाचं लपवावं लागतं, हाही इतिहासच आहे, आणि जातीनं तो घडवला आहे. म्हणून दुसरा आक्षेप माझं म्हणणं खोडत नाही. तो एवढंच बजावतो, की पदार्थाच्या नावाबरोबर घराचं नाव-गाव आणि समाजातलं स्थानही नोंदलं पाहिजे.

कोणी म्हणेल, अशानं आईच्या हातच्या चवीचं रूपांतर रुक्ष आकडेवारीत होईल, तिच्या कल्पकतेचं श्रेय दुष्काळाला जाईल. मला उलट वाटतं. ‘आईच्या हाताला चव होती’ एवढं म्हणून आपण तिचं काम निसर्गाच्या देणगीत जमा करतो. तिच्यासमोर काय होतं, किती होतं आणि खाणारे किती होते, हे कळल्यावरच तिनं काय साधलं ते दिसतं. तुटपुंज्या, कधी नकोशा धान्यातून मुलाला घरात कमी आहे हे जाणवू न देणारा पदार्थ करणं, हे कौशल्य आहे आणि ते घडवायला पिढ्या लागल्या. त्याची किंमत कोणी मोजली, हेही विचारायला हवं. बहुतेक घरांत आधी पुरुष आणि मुलं जेवत, बाई मागून. मुलांना बेरी किंवा सुकडी आठवते, पण त्या दिवशी आईनं काय खाल्लं ते क्वचितच आठवतं, कारण ते त्यांनी पाहिलेलंच नसतं. या आठवणींतली सर्वांत मोठी उणीव हीच आहे, आणि ती भरून काढू शकणाऱ्या बायका आज ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. 1972 मध्ये ज्यांनी मिलो दळली आणि सुकडी वाटून दिली, त्यांना कृती विचारणाऱ्या प्रत्येक मुलानं आणि नातवंडानं पुढचे प्रश्नही विचारावेत: धान्य कुठून आलं, सरपण कुणी आणलं, किती जणांत वाटलं आणि शेवटी तुझ्या ताटात काय होतं. या उत्तरांशिवाय मराठी स्वयंपाकाचा इतिहास जेवणाऱ्यांचाच राहील, रांधणाऱ्यांचा होणार नाही.