‘खेळणंच ते!’ : ज्योत्स्ना भट्ट यांची मातीची मांजरं

चंदगडहून आजचा भाग.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात बेंदूर आला की कुंभाराकडनं मातीचे बैल घरी येतात. पूजा झाली की ते पोरांच्या हातात. एखादं शिंग मोडलं तरी कुणी हळहळत नाही. ‘खेळणंच ते!’ हा शब्द मला आज खटकतोय, कारण आजची गोष्ट आहे ज्योत्स्ना भट्ट यांची. आयुष्यभर त्यांनी मातीची मांजरं, घुबडं, पक्षी, कमळकळ्या घडवल्या.

जन्म १९४० चा, कच्छमधल्या मांडवीचा. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये थोडं शिकून त्या बडोद्याला सयाजीराव विद्यापीठात गेल्या. तिथं शंखो चौधुरींकडं शिल्पकला शिकताना सिरॅमिक्सचा नाद लागला. १९६० च्या दशकात न्यूयॉर्कला, ब्रुकलिन म्युझियमच्या कलाशाळेत, त्या हेच शिकल्या. परत येऊन १९७२ ते २००२ अशी तीस वर्षं बडोद्यात शिकवलं.

त्यांचं माध्यम स्टोनवेअर. गावाकडची मडकी साधारण ७०० ते ९०० अंशांवर भाजतात. स्टोनवेअरला १२०० अंशांच्या आसपास किंवा पुढं जावं लागतं, तेव्हा माती दगडासारखी घट्ट होते. वरचा ग्लेझ म्हणजे काचेचा पातळ थर : सिलिका, ती वितळवणारी द्रव्यं नि रंगासाठी धातूंची ऑक्साइडं. गंमत म्हणजे लावताना खरा रंग दिसतच नाही. तांब्यानं हिरवा येतो, पण भट्टीत हवा कमी ठेवली तर तेच तांबं लाल होतं. आम्हा कोडवाल्यांना चुकलं की मागच्या व्हर्जनवर जाता येतं. इथं भट्टी उघडल्यावर जे निघेल ते!

ज्योत्स्नाबाईंना चकचकीतपेक्षा मंद, मॅट ग्लेझ आवडायचा. चमक आड येत नाही, त्यामुळं मांजराच्या पाठीचा बाक नीट दिसतो. बघून हसू येतं, आणि ‘सोपं असेल’ असं वाटतं. तिथंच आपण फसतो. ते हसू टिकवायला माती, रंग नि आग, तिन्हींवर हात बसावा लागतो.

११ जुलै २०२० ला त्या गेल्या.

पुढच्या बेंदराला बैल हातात घेतलात, तर चिमटीनं काढलेलं वशिंड एकदा निरखून बघा. मग म्हणा, खेळणंच का ते.

भेटू पुढच्या भागात.