‘अजून पिकला नाही’ : एका जुन्या सल्ल्याचा इतिहास

परवा आमच्या आळीतले एक काका भेटले. दोन वर्षांपासून त्यांना कमी दिसतंय. समोर येईपर्यंत एसटीची पाटी वाचता येत नाही. विचारलं, "काका, डोळे दाखवले का?" म्हणाले, "मोतिबिंदू आहे रे, पण अजून पिकला नाही. पिकला की काढू. थंडीत बघू."

हे वाक्य तुम्हीही घरात ऐकलं असेल. माझी आजीही अशीच मोतिबिंदू पिकायची वाट बघत बसली होती. तिचं काय झालं ते पुढे सांगतो. आधी हा सल्ला आला कुठून ते बघू, कारण तो काही अडाणीपणातून आलेला नाही. एके काळी डॉक्टरच तो देत, आणि त्या काळी तो बरोबर होता.

मोतिबिंदू म्हणजे डोळ्यातलं नैसर्गिक भिंग गढूळ होणं. त्यावरचा उपाय आपल्याकडे फार जुना. सुश्रुतसंहितेत ‘लिंगनाश’ या नावाने या विकाराचं आणि त्यावरच्या शस्त्रक्रियेचं वर्णन आहे. सळईने ते गढूळ भिंग बाहुलीसमोरून बाजूला सारायचं. भिंग डोळ्यातच राहायचं, फक्त वाट मोकळी व्हायची. पुढे हीच विद्या गावोगाव फिरणाऱ्या सुईवाल्यांकडे गेली. रोग्याला लगेच बोटं दिसू लागायची, पैसे मिळायचे, आणि डोळा सुजून पू होईपर्यंत सुईवाला पुढच्या गावी गेलेला असायचा. मद्रासच्या सरकारी नेत्र रुग्णालयाचे प्रमुख रॉबर्ट एलियट यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात असे बिघडलेले डोळे गोळा करून, तपासून त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं.

भिंग बाहेर काढायची शस्त्रक्रिया फ्रान्समध्ये जाक दाव्हिएल यांनी 1747 साली केली. तिथून ‘पिकण्याची’ गोष्ट सुरू होते. कच्च्या मोतिबिंदूत भिंगाचा गर चिकट असतो. तो पुरता निघायचा नाही, आत राहिलेला गर डोळा सुजवायचा. पूर्ण पिकलेला मोतिबिंदू मात्र स्वच्छ निघायचा.

दुसरं कारण चष्म्याचं. भिंग काढल्यावर डोळ्यात काहीच उरायचं नाही, म्हणून सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लागायचा. त्यातून सगळं मोठं दिसायचं, पायरी होती त्याहून जवळ वाटायची. एका डोळ्याने नीट दिसत असताना दुसऱ्याला असा चष्मा लावला तर दोन्ही चित्रं जुळायची नाहीत. म्हणून डॉक्टर म्हणायचे, अजून भागतंय ना? मग थांबा.

आणि थंडी? शिबिरं व्हायची ती बहुतेक सुगीनंतर. शाळेत नाहीतर धर्मशाळेत सतरंज्या टाकून. उन्हाळ्याचा घाम आणि पावसाळ्याची माशी टळायची. शेजारच्या कर्नाटकात विजापूर जिल्ह्यातल्या डॉ. एम. सी. मोदींनी अशी शिबिरं घेत आयुष्य काढलं, त्यांना 1968 साली पद्मभूषण मिळालं. ऑपरेशननंतर कित्येक दिवस डोकं न हलवता पडून राहायचं, डोळ्यावर हिरवी पट्टी. आमच्या पिढीने हे डोळ्यांनी बघितलंय.

मग हे सगळं बदललं. 1949 साली लंडनमध्ये हॅरल्ड रिडली यांनी डोळ्यात पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यात विमानाच्या काचेचे, म्हणजे खरं तर प्लास्टिकचे, तुकडे शिरले तरी डोळा ते सहन करतो, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. कितीतरी वर्षं त्यांना विरोध झाला. 1967 साली अमेरिकेत चार्ल्स केल्मन यांनी ध्वनिलहरींनी भिंग फोडून बारीक छेदातून ओढून घ्यायची पद्धत आणली. तीच आजची ‘फेको’.

आपल्याकडे 1976 साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्याच वर्षी मदुराईत डॉ. वेंकटस्वामी यांनी 11 खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय काढलं. त्यांच्याच ऑरोलॅबने 1992 पासून देशात स्वस्त भिंगं बनवली. 1994 साली जागतिक बँकेच्या मदतीने सात राज्यांत मोतिबिंदूचा मोठा प्रकल्प आला, त्यात महाराष्ट्र होता. लातूर जिल्ह्यातून आलेल्या, जे. जे. रुग्णालयातल्या डॉ. तात्याराव लहाने यांचं नाव आपल्याकडे घराघरात गेलं ते याच बदलामुळे.

परिणाम आकड्यांत दिसतो. 1986-89 च्या पाहणीत देशात अंधत्वाचं प्रमाण 1.49 टक्के होतं, 2015-19 च्या पाहणीत 0.36 टक्के. मधे अंधत्वाची व्याख्या बदलली हे खरं, तरी फरक मोठा आहे. पण याच नव्या पाहणीत पन्नाशीपुढच्या अंधांपैकी सुमारे 66 टक्के लोक मोतिबिंदूमुळेच अंध होते. म्हणजे उपाय असूनही अंध!

आता आजीची गोष्ट. 1987-88 असेल. तिला कमी दिसायला लागलं. एकाने टॉर्च मारून सांगितलं, मोतिबिंदू आहे, अजून पिकला नाही. दोन दिवाळ्या गेल्या. ती दाराच्या चौकटीला धडकायची, बाजूला ठेवलेला तांब्या तिला दिसायचा नाही. आम्ही म्हणायचो, पिकत आला असेल. शेवटी ऑपरेशन झालं, मोतिबिंदू निघाला, नजर काही आली नाही. आत काचबिंदू होता. डोळ्यातला दाब वाढून नस वाळून गेली होती. मोतिबिंदूने गेलेली नजर परत येते, काचबिंदूने गेलेली येत नाही. पुढे बारा वर्षं आजी आम्हाला आवाजावरून ओळखायची.

म्हणून सांगतो, पिकायची वाट बघायचं कारण आता उरलेलं नाही. भिंग जास्त पिकलं तर कडक होतं, ऑपरेशन अवघड होतं, कधी ते फुगून किंवा पाझरून डोळ्याचा दाबही वाढवतं. रोजच्या कामाला अडचण यायला लागली की डॉक्टरशी बोलायचं. ऋतू कुठलाही चालतो.

चाळिशीनंतर एकदा दाब तपासून घ्या. घरात कुणाला काचबिंदू असेल तर नक्कीच. साखर असेल तर दिसत असलं तरी वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासायचा.

काही गोष्टींना मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. अचानक नजर जाणं, विजेसारखे चमकारे आणि काळे ठिपके, डोळ्यापुढे पडदा ओढल्यासारखं वाटणं. लाल डोळा, जोरात दुखणं आणि उलटी. उसाचं पात लागून डोळा दुखणं. तंबाखूच्या चुन्याची पुडी पोरांच्या डोळ्यात फुटली तर आधी भरपूर पाण्याने धुवत राहा, मग पळा. लहान मुलाच्या बाहुलीत पांढरी झाक दिसली तर थांबू नका. आणि मेडिकलमधून मनाने थेंब आणू नका. त्यात स्टेरॉइड असलं तर जखम चिघळते, दाबही वाढतो.

शेवटचा मुद्दा आपल्या सगळ्यांचा. मोतिबिंदूचं ऑपरेशन सरकारी कार्यक्रमात मोफत होतं. मग आपल्या ग्रामीण रुग्णालयात नेत्रतपासणी कुठल्या वारी असते, दाब मोजायचं यंत्र आहे का, असलं तर चालू आहे का, हे पुढच्या ग्रामसभेत विचारूया. रस्ता आणि गटाराइतकाच हा प्रश्न आपला आहे.

काकांना मी येत्या सोमवारी घेऊन जातोय. तुमच्या घरी कुणी ‘पिकायची’ वाट बघत असेल, तर त्यांनाही घेऊन जा.