टाकाऊ लाकडाचे खुराडे आणि परसातील पिल्ले
जुन्नर-आंबेगावच्या शेतकरी कुटुंबांसाठी उपयुक्त माहिती

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत परसातील कोंबडीपालन नवे नाही. पश्चिमेकडील आहुपे, घाटघर परिसरातील आदिवासी पाडे असोत किंवा पूर्वेकडील बागायती गावे, दहा-वीस गावरान कोंबड्या दारात असतातच. अंड्यांचा पैसा बहुधा घरातील स्त्रीच्या हाती राहतो आणि मीठ-मिरचीपासून वह्या-पुस्तकांपर्यंतचा खर्च त्यातून भागतो. मात्र या कोंबड्या रात्री कोठे राहतात, हा प्रश्न या दोन तालुक्यांत केवळ कोंबड्यांपुरता उरलेला नाही. त्याचे कारण बिबट्या.

येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांमुळे येथे उसाचे क्षेत्र वाढले आणि दाट उसात बिबट्याला बारमाही आसरा मिळाला. २००१ ते २००३ या काळात जुन्नर वनविभागात माणसांवरील हल्ल्यांत मोठी वाढ झाली होती. शेजारच्या अकोले तालुक्यात अभ्यासकांनी बिबट्याच्या विष्ठेची तपासणी केली, तेव्हा त्याच्या खाद्यात सुमारे ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा आढळला. त्यात कुत्र्यांचा वाटा सर्वाधिक, ३९ टक्के होता. कोंबडी हे बिबट्याचे मुख्य भक्ष्य नव्हे. तथापि उघडे खुराडे, आसपास टाकलेली मेलेली कोंबडी आणि त्यामागे येणारी कुत्री यांमुळे तो घराजवळ येतो. म्हणून भक्कम खुराडे ही कोंबड्यांची तशीच कुटुंबाचीही गरज आहे.

लाकूड कोठून, कोणते?

पडक्या वाड्यांचे वासे, जुन्या दारांच्या फळ्या, गोठ्याचे उतरवलेले लाकूड, फळांची खोकी यांतून उत्तम खुराडे होते. चाकण औद्योगिक वसाहतीतून भंगारात निघणारी पॅलेट्सही स्वस्त मिळतात. ती घेताना शिक्का पाहावा. ‘एचटी’ म्हणजे केवळ उष्णतेची प्रक्रिया केलेले लाकूड, ते चालते. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले, ते टाळावे. तेल अथवा रसायन सांडलेले आणि जुन्या तैलरंगाचे पापुद्रे सुटणारे लाकूडही घेऊ नये, कारण पिल्ले ते टोचून खातात.

जुन्या लाकडाचा मोठा दोष त्याच्या भेगांत असतो. कोंबड्यांचे रक्त शोषणारे बारीक किडे दिवसा भेगांत लपतात आणि रात्री बाहेर येतात. त्यामुळे फळ्या प्रथम चार-पाच दिवस कडक उन्हात वाळवाव्यात, खिळे काढावेत, भेगा बुजवाव्यात आणि सर्व बाजूंनी चुन्याचे दोन हात द्यावेत. दर सहा महिन्यांनी चुना पुन्हा द्यावा. वाळवीने पोखरलेला वासा पायासाठी कधीही वापरू नये.

वीस कोंबड्यांचे खुराडे

दिवसा मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीला रात्रीपुरती एक चौरस फूट जागा पुरते. त्या हिशेबाने वीस कोंबड्यांना पाच फूट लांब व चार फूट रुंद खुराडे हवे. कोंबड्या दिवसभर कोंडूनच ठेवायच्या असतील, तर ही जागा दुप्पट करावी.

लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे थेट ऊन आत कमी येते. खुराडे जमिनीपासून दोन फूट उंच असावे आणि पाय दगडावर टेकवावेत. ओल व वाळवी दोन्ही टळतात. तळ फळ्यांचा करून त्यावर भाताचे तूस दोन-तीन इंच पसरावे. खालच्या भिंती फळ्यांच्या आणि वरचा भाग हवेसाठी जाळीचा ठेवावा. बाजारातील षटकोनी, पातळ कोंबडी-जाळी कोंबडीला आत ठेवते. पण मुंगूस किंवा रानमांजराला बाहेर ठेवत नाही. त्यासाठी अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी घ्यावी आणि ती पट्टी ठोकून बसवावी.

बसण्यासाठी प्रत्येक कोंबडीला आठ इंच दांडी लागते. वीस कोंबड्यांना सुमारे साडेतेरा फूट, म्हणजे पाच फुटांच्या तीन दांड्या पुरतात. दोन दांड्यांत एक फूट अंतर असावे. अंडी घालण्यासाठी चार-पाच कोंबड्यांमागे एक फूटभर चौकोनी खोका पुरेसा होतो.

आहुपे-भीमाशंकर पट्ट्यात पावसाची झड तिरकी येते. तेथे छप्पर चारही बाजूंना दोन ते अडीच फूट बाहेर काढावे. पूर्व भागात उन्हाळ्यात पत्रा तापतो. त्यावर उसाचे पाचट पसरल्यास आतील उष्मा कमी होतो. पत्रा केवळ दगड ठेवून दाबू नये, हुकाने पक्का आवळावा.

दार घराकडे

खुराडे घराजवळ, ओसरीवरून दिसेल असे असावे. उसाच्या किंवा झुडपांच्या कडेला नसावे. दार घराच्या दिशेने उघडणारे असावे. वर व खाली अशा दोन कड्या आणि मध्ये अडसर लावावा. कोंबड्या दिवस मावळताना आपण होऊन आत येतात. दार प्रौढ माणसानेच, उजेड असताना बंद करावे. या कामासाठी मुलांना अंधारात पाठवू नये. रात्री कलकलाट झाला तरी एकट्याने बाहेर धावू नये. प्रथम दिवा लावावा आणि घरातूनच आवाज करावा. गेलेली कोंबडी पुन्हा आणता येते, माणूस नाही. मेलेला पक्षी उघड्यावर न टाकता चुना टाकून खोल पुरावा.

पिल्लांचे पहिले चार आठवडे

खुडूक कोंबडीखाली दहा-बारा अंडी ठेवल्यास एकविसाव्या दिवशी पिल्ले निघतात. एक दिवसाची पिल्ले विकतही मिळतात. पुण्यात खडकी येथे शासनाचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठात विकसित झालेली गिरिराज आणि हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराज या जाती परसात रुळल्या आहेत.

विकतच्या पिल्लांना आईची ऊब नसते. पहिल्या आठवड्यात त्यांना ३५ अंश सेल्सिअस तापमान लागते. पुढे दर आठवड्याला ते सुमारे तीन अंशांनी कमी करावे. एका पिल्लामागे दोन वॅट, म्हणजे पन्नास पिल्लांना शंभर वॅटचा साधा तापणारा दिवा पुरतो. एलईडी दिव्याचा येथे उपयोग नाही. भोवती पत्र्याचे किंवा पुठ्ठ्याचे दीड फूट उंच गोल कडे उभारावे. चौकोनी खोक्यात पिल्ले कोपऱ्यात एकमेकांवर चढून गुदमरतात. पिल्ले दिव्याखाली दाटली तर थंडी, दूर पळाली तर उष्णता आणि सर्वत्र विखुरली तर ऊब योग्य आहे असे समजावे. जुन्नरच्या हिवाळ्यात पारा दहा अंशांखाली उतरतो आणि वीज रात्रीच जाते. अशा वेळी कोळशाची शेगडी पिल्लांपासून व तुसापासून दूर आणि हवा खेळती ठेवूनच वापरावी.

पहिल्या दिवशी गुळाचे पाणी, नंतर पिल्लांचे तयार खाद्य द्यावे. पाण्याचे भांडे उथळ असावे व त्यात खडे टाकावेत, म्हणजे पिल्ले बुडत नाहीत. बुरशी लागलेला मका स्वस्त मिळाला तरी देऊ नये. त्यातील विषाने यकृत निकामी होते.

लस एकत्रित द्यावी

गावरान कळप एका रात्रीत संपवणारा रोग म्हणजे मानमोडी, अर्थात राणीखेत. त्यासाठी पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात देतात, चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो लस आणि चौथ्या आठवड्यात लासोटाची पुनर्मात्रा देतात. सहाव्या आठवड्यानंतर देवीची व आठव्या ते दहाव्या आठवड्यात आरटूबी लस टोचतात. लसीची कुपी शंभर किंवा अधिक मात्रांची असते आणि एकदा विरघळवल्यावर दोन तासांत संपवावी लागते. वीस पिल्लांसाठी ती परवडत नाही म्हणून अनेक घरांत लसीकरणच टळते. वाडीतील सात-आठ घरांनी पिल्ले एकाच आठवड्यात आणून लसीचा दिवस एक ठरवल्यास खर्च वाटला जातो. लस बर्फात आणावी आणि सकाळी किंवा सायंकाळी द्यावी.

एकाएकी अनेक पक्षी दगावल्यास ते विकू अथवा खाऊ नयेत; नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास त्वरित कळवावे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला, तेव्हा तेथील लाखो पक्षी नष्ट करावे लागले होते.

जुन्या लाकडामुळे खुराड्याचा खर्च प्रामुख्याने जाळी, पत्रा, खिळे आणि कड्या एवढाच उरतो. काटकसर लाकडात करावी. जाळीत आणि कडीत करू नये.