दाखला काढून नेणारे

वर्धा म्हटलं की गांधी, विनोबा, सेवाग्राम आणि नई तालीम एवढं आपल्याला शाळेपासून पाठ असतं. पण १९३६-३७ च्या हिवाळ्यात वर्ध्याला येऊन गेलेला एक पाहुणा गेले काही दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीये. त्याचं नाव बेंजामिन मेज. अमेरिकेतला काळा माणूस, हॉवर्ड विद्यापीठातल्या धर्मशास्त्र शाखेचा डीन. म्हैसूरला वाय.एम.सी.ए.ची जागतिक परिषद होती, त्यासाठी तो चॅनिंग टोबायस या सहकाऱ्याबरोबर भारतात आला होता. त्या दौऱ्यात तो वर्ध्याला गांधींना भेटला. अहिंसेबद्दल बोलणं झालं. मग त्याने जे विचारलं त्याचा मतलब साधारण असा: तुम्ही अस्पृश्यतेविरुद्ध लढता, पण थेट जातिव्यवस्थेवरच हल्ला का करत नाही?

१९३६ मध्येच बाबासाहेबांचं 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' प्रसिद्ध झालं होतं आणि गांधींनी त्याला 'हरिजन'मधून उत्तरही दिलं होतं. म्हणजे प्रश्न हवेत होताच. पण तो अमेरिकेतून आलेल्या माणसाने वर्ध्यात विचारावा, याचं मला नवल वाटलं. म्हणून त्याची माहिती काढत गेलो.

मेज १८९४ साली साउथ कॅरोलिनात जन्मले. आईवडील दोघेही गुलामीत जन्मलेले. काळ्या मुलांची शाळा वेगळी, आणि ती भरायची वर्षातून चारेक महिने. उरलेले महिने शेतात कापूस. (वर्ध्याच्या माणसाला कापसाच्या हंगामात बुडणारी शाळा समजावून सांगायची गरज नाही!) वयाच्या एकोणिसाव्या वर्षापर्यंत मेज सलग चार महिन्यांपेक्षा जास्त कधी शाळेत बसले नव्हते. १९१६ मध्ये हायस्कूल पूर्ण केलं तेव्हा विशी उलटून गेली होती.

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत ही वेगळी शाळा कायद्यात लिहिलेली होती. १८९६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने प्लेसी खटल्यात निकाल दिला की वंशानुसार वेगळी सोय करणं घटनेविरुद्ध नाही, फक्त सोयी समान हव्यात. खटला रेल्वेच्या डब्याचा होता, पण त्याचा आधार शाळांनीही घेतला. त्यातलं 'वेगळं' तेवढं शिस्तीत पाळलं गेलं. 'समान' कधी आलंच नाही.

आता आपल्याकडे बघू. आपल्याकडे कागदावर काय होतं?

जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. तो नाकारला गेला. मुलाने थेट मुंबई सरकारकडे दाद मागितली. सरकारचं उत्तर मासलेवाईक आहे. त्याचा आशय असा, की न्याय तत्त्वतः या मुलाच्या बाजूने आहे. पण एका मुलासाठी लोकांच्या समजुतींविरुद्ध गेलो तर बाकीच्या सगळ्यांच्या दृष्टीने शाळा निरुपयोगी होईल. म्हणजे बाकीचे निघून जातील! पुढे विलायतेतल्या कंपनीच्या संचालकांनी सरकारी शाळा सर्वांसाठी आहेत असं कळवलं, आणि १८५८ मध्ये मुंबई सरकारने जाहीर केलं की पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व प्रजेला भेदभावाविना खुल्या राहतील.

थोडक्यात, प्लेसीच्या निकालाच्या अडतीस वर्षं आधी मुंबई इलाख्यात कागदावर दार उघडं होतं. (वर्धा तेव्हा त्या इलाख्यात नव्हता. नागपूरचं राज्य नुकतंच खालसा झालेलं, आणि वर्धा जिल्हा वेगळा निघाला तो १८६२ मध्ये.)

मग त्या उघड्या दारातून आत गेलेल्या मुलाचं काय व्हायचं? ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमराव नावाचा मुलगा दाखल झाला. वर्गात वेगळा बसायचा, बसायला घरून आणलेलं गोणपाट, आणि संध्याकाळी ते परत घरी न्यायचं, कारण शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावणार नव्हता. तहान लागली तर शिपाई असेल तरच पाणी. हे सगळं बाबासाहेबांनीच लिहून ठेवलंय. यातला एकही नियम सरकारी कागदात नव्हता. ओसरीवर बसवा असंही कुठे लिहिलेलं नसायचं, तरी गावोगावची मुलं ओसरीवर बसूनच शिकली.

माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर अमेरिकेतला भेद प्रोग्राममध्ये लिहिलेला होता. ओळ दाखवता येत होती, म्हणून ती काढून टाका असं म्हणता येत होतं. आपल्याकडे प्रोग्राम स्वच्छ, आणि वापरणाऱ्यांची वागणूकच तशी. खटला भरायचा तर कोणत्या ओळीवर?

आणि तरीही दोन्हीकडे शेवटचं हत्यार एकच होतं. आपली मुलं काढून घेणं.

नागपूरच्या जाईबाई चौधरींचं उदाहरण घ्या. महार कुटुंबातली, हमालीची ओझी वाहणारी ही बाई लिहा-वाचायला शिकलेली होती. एका मिशनरी बाईंच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी तिला मिशनच्या शाळेत शिक्षिका म्हणून घेतलं. मुलांना शिकवणारी बाई अस्पृश्य आहे हे कळल्यावर स्पृश्य पालकांनी शाळेवर बहिष्कार टाकला. जाईबाईंची नोकरी गेली. १९२२ मध्ये त्यांनी नागपुरात स्वतःची संत चोखामेळा कन्याशाळा काढली. लक्षात घ्या, जाईबाईंना काढण्यासाठी कोणाला कायदा करावा लागला नाही. धारवाडला सरकार ज्या गोष्टीला आधीच घाबरलं होतं, ती इथे पालकांनी करून दाखवली.

आता परत अमेरिका. १७ मे १९५४ रोजी ब्राऊन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की सरकारी शाळांत वंशावरून वेगळं करणं घटनाबाह्य आहे. तो एक नव्हे, पाच प्रकरणं एकत्र केलेला खटला होता. त्यातलं एक व्हर्जिनिया राज्यातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीचं. तिथे १९५१ मध्ये बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीने पुढाकार घेऊन काळ्या मुलांच्या पडक्या शाळेसाठी विद्यार्थ्यांचा संप घडवला होता.

मुलं खटला जिंकली. मग काउंटीने काय करावं? १९५९ मध्ये एकत्र शाळा चालवण्याची वेळ आली तेव्हा तिने सगळ्या सरकारी शाळाच बंद केल्या! गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा उघडली. काळ्या मुलांसाठी काहीच नाही. नातेवाईकांकडे दुसऱ्या गावी जाऊ शकली ती शिकली, बाकीची घरी. १९६४ मध्ये पुन्हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला तेव्हा कुठे शाळा उघडल्या. तोपर्यंत पाच वर्षं गेली होती. सहा वर्षांचं पोरगं अकरा वर्षांचं झालं.

आणि आपले पाहुणे? मेज १९४० मध्ये अटलांटाच्या मोरहाउस कॉलेजचे अध्यक्ष झाले. मार्टिन ल्यूथर किंग तिथे त्यांचे विद्यार्थी. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर, पंचाहत्तरी गाठलेले मेज १९७० मध्ये अटलांटाच्या शिक्षण मंडळाचे पहिले काळे अध्यक्ष झाले. ज्या व्यवस्थेने त्यांना वर्षाला चार महिने शाळा दिली, तसल्याच एका व्यवस्थेच्या किल्ल्या त्यांच्या हातात आल्या. पण तोपर्यंत गोरी कुटुंबं उपनगरांकडे किंवा खाजगी शाळांकडे निघाली होती. शहराच्या शाळांत बहुतेक काळी मुलंच उरली. १९७३ मध्ये तडजोड झाली: मुलांना बसने दूरच्या शाळेत नेऊन मिसळण्याचा आग्रह सोडायचा, त्या बदल्यात शाळांच्या कारभारात काळ्यांना वाटा. मेज या तडजोडीच्या बाजूने होते. त्यावर त्यांच्याच बाजूचे लोक चिडले. पण मिसळायला समोर मुलंच नसतील तर मिसळणार कोणाला?

याच भारत दौऱ्यात एका अस्पृश्य मुलांच्या शाळेत मेज यांची ओळख 'अमेरिकेतले अस्पृश्य' अशी करून देण्यात आली होती. आधी ते चमकले, मग विचार केल्यावर ती ओळख खरीच आहे हे त्यांना पटलं. त्यांनी आत्मचरित्रात हे लिहिलंय.

इथवर लिहिल्यावर इतिहास संपवून 'आता सगळं बदललं' म्हणणं सोपं आहे. पण ते काही मला जमेना. वर्धा जिल्ह्यातल्या ज्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिकलो, तिथे पाटलांचा, तेल्याचा, बौद्ध वाड्यातला आणि पारध्यांचा मुलगा एकाच टाटपट्टीवर बसायचे. प्रेमाने नव्हे, गावात दुसरी शाळा नव्हती म्हणून. भांडणं व्हायची, आडनावावरून टोमणेही असायचे. पण बसायचे शेजारीच. आता सकाळी गावात पिवळी व्हॅन येते आणि फी परवडणाऱ्यांची पोरं तालुक्याच्या कॉन्व्हेंटला घेऊन जाते. जुन्या शाळेत कोण उरलं? मागच्या दिवाळीत गेलो तेव्हा चुलतभाऊच म्हणाला, "आता तिथी फक्त ज्याईले व्हॅन परवडत नाही त्याईचेच पोट्टे जाते गा." ज्यांना परवडत नाही त्यांची आडनावं काढून बघा, म्हणजे कळेल.

कुणी कोणाला ओसरीवर बसवलेलं नाही. प्रत्येक बाप फक्त आपल्या मुलाचं भलं बघतोय. मीही पुण्यात तेच केलं. मुलीसाठी शाळा निवडताना फी बघितली, इंग्रजी बघितलं, आणि खोटं कशाला बोलू, फाटकाशी उभं राहून 'बाकीची मुलं कशा घरची आहेत' हेही बघितलं.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी ठेवल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला या जागांतून सूट. म्हणजे 'त्यांची' शाळा जवळच आहे, तिकडे जा! जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. या वेळी निदान नियम लिहिलेला होता, म्हणून खोडता तरी आला.

पिवळ्या व्हॅनचा नियम मात्र कुठेच लिहिलेला नाही, त्यामुळे तो रद्द करायला कोणत्या कोर्टात जायचं ते मला माहीत नाही. मेज यांचा वर्ध्यातला प्रश्न गांधींना होता. तो आज कोणी मला विचारला, तर 'सरकारने काहीतरी करायला हवं' हे उत्तर मी मुलीच्या शाळेच्या फाटकाशी उभं राहून देऊ शकणार नाही. तिचा दाखला मीच भरलाय.

असो. सोमवारी तिला शाळेत सोडायची पाळी माझी आहे.