गिरणगावात माणूस रुजला कसा?

१८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणी काढली आणि पुढे कोकणातून, घाटावरून माणसं येत राहिली. शहरात माणूस एकटा पडतो, असं आपण म्हणतो ना? हा कामगार मात्र गाववाल्यांच्या खोलीत उतरे. अंथरूण तेच, पाळी बदलली की निजणारा बदले. जेवण खानावळवालीकडे, पैसे पगाराला. रात्री भजन. म्हणजे ओळख आधी, शहर नंतर.

पण ही ओळख गावाची, तशीच जातीचीही होती. धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून विणखात्यात दलित कामगाराला मज्जाव! १९२८च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हाच प्रश्न उभा केला. तेव्हा ‘आपली माणसं’ म्हणताना आपण कोणाला बाहेर ठेवतो, हेही तपासलं पाहिजे.